अकरा हजार चारशे बारा

हेरंबनं कॅलगरीहून घड्याळ पाठवलं.
वेळ दाखवतं, पण ते त्याचं मुख्य काम नव्हे.
पावलं मोजतं.
तासभर बसलं की मनगटावर गुरगुरतं
मांजर मांडीवर असावी तसं.

पहिल्या दिवशी सातशे नव्वद.
पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते देव,
देवापासून हिंचका,
आणि मग हिंचकाच.
मी पायानं रेटा देते, तो ते धरत नाही.

"आई, सातशे म्हणजे काहीच नाही गं,"
तो फोनवर. त्याच्याकडे मध्यरात्र.
त्याला तिथून सगळं दिसतं म्हणे.
सासूबाईंनासुद्धा इतकं दिसत नसे.

शाळेत मी लंगडीची कप्तान होते
हे त्याला कधी सांगितलं नाही.
पुढे चाळीस वर्षं ओट्याशी उभी.
मग सगळेच म्हणाले, बसा आता.
हे म्हणाले, सून म्हणाली, गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला.
बसले.
सवय लागायला वर्षही लागलं नाही.

मंगळवारी जशीबेन भांड्यांना आली.
म्हटलं, घाला हे, गंमत म्हणून. पाण्यानं बिघडत नाही.
ती घालून गेली:
कारेलीबागेतली पाच घरं, चार जिने,
शेवटी बसचे पैसे वाचवून पायी घर.
सकाळी आकडा बघितला,
अकरा हजार चारशे बारा.

हेरंबचा निरोप आला, शाब्बास आई!
खाली टाळ्यांची सहा चित्रं.
मी ते जशीबेनला दाखवलं.
"शाब्बास? मने?"
राखेचा हात तोंडावर धरून हसली.
सहासष्टची आहे, माझ्याहून आठच वर्षांनी लहान.
तिला कुणी चालायला सांगितलेलं नाही.
बसायलाही.

पंधरा दिवस माझी तब्येत
तिच्या पायांवर सुधारत राहिली.
खोटं बोलल्यासारखं वाटायचं,
पण टाळ्या येत होत्या.

शनिवारी ती आली ती भिंतीला धरून.
गुडघा नारळाएवढा.
म्हटलं, हिंचक्यावर बसा.
नाही, नाही, खालीच ठीक.
दंडाला धरून बसवलं.
बसली काठावर, बसमध्ये बसतात तशी,
उतरायचंच आहे अशा बेतानं.
चहा टाकायला गेले तर दूध नाही.

दोन मजले उतरले.
कठडा गार होता, कुणीतरी नुकताच पुसलेला.
डेअरीवाला म्हणाला, मासी, तुम्ही?
वर येताना दोनदा थांबले,
दुसऱ्यांदा उगाचच,
खिडकीतून लिंबाच्या झाडावर पोपट होते म्हणून.
ती पावलं कुठंच लागली नाहीत.

चहा झाला. कपबशा मीच विसळल्या.
बघते तर जशीबेन मागे रेललेली,
तळवे जमिनीपासून सुटलेले,
हिंचका आपसूक हलतोय.
तेवढ्यात तिच्या मनगटावर ते गुरगुरलं.
दचकली.
"शुं कहे छे?"

म्हटलं,
बसा म्हणतंय.