बेंचमार्क चार

फैलका बेटावर चढ नाही.
सकाळी तिपाई रोवून मी दुर्बिणीला डोळा लावतो,
पलीकडे उस्मान परकार पट्टी धरून उभा,
आणि आकडे इतके कमी हलतात
की वाटतं, यंत्रच पेंगतंय.

कॅलिरोईबाई म्हणतात, आमच्याकडे असं मोजायला
जन्म गेला असता.
त्यांच्या गावातून शेजारच्या गावाचा धूर दिसतो,
कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं,
जायचं तर अर्धा दिवस. मधे डोंगर.
म्हणून पूर्वी देव वेगळा, नाणं वेगळं,
महिन्यांची नावं वेगळी,
धान्य मोजायची पायलीसुद्धा वेगळी.
एवढ्याशा खोऱ्याला ते राज्य म्हणायचे
आणि त्याच्यासाठी मरायचे.
गव्हाला जमीन मूठभर, बाकी कातळ,
कातळावर ऑलिव्ह, द्राक्षं, शेळ्या.
तेलाचे घडे न्यायचे, गहू भरून आणायचा.
डोंगर अडवील तिथून समुद्र सोडवील.

हे मला कुणी शिकवायला नको.
मागे डोंगर, पुढे पाणी, आम्ही मधल्या फटीतले.
खाचरातला भात सहा महिने पुरायचा,
पुढचे सहा महिने मनिऑर्डर.
मी हर्णैचा, उस्मान दाभोळचा,
मधे एसटीचा जेमतेम दीड-दोन तासांचा रस्ता,
तरी फाहाहीलच्या खोलीत आमच्या दोन शेगड्या.
त्याला बांगड्यात तिरफळ लागतं,
मला त्याचा वास नको.
एकदा आंबटावरून आम्ही महिनाभर बोललो नव्हतो.

तर ते इथे आले, बावीसशे वर्षांमागे,
कुणी पाठवलेले, कुणी वाट चुकलेले.
गोडं पाणी हातभर खाली,
थोडी खजुरी, आणि चारी बाजूंनी मोकळं.
डोंगराच्या लेकरांना मोकळं सोसवत नाही.
त्यांनी चौकोनी तट घातला,
कच्च्या विटांचा, घरून न आणता आलेला डोंगर.
आणि बेटाला नाव दिलं
तिकडच्याच एका बेटाचं.

उस्मानला याचं काही वाटलं नाही.
बंदराबाहेरच्या वाळूच्या दांड्याला
तो पहिल्या दिवसापासून अंजनवेल म्हणतो.

काल एक खापर निघालं,
त्यावर खिळ्याने खरवडलेली तीन अक्षरं.
बाईंनी ती आधी वाचली नाहीत.
आधी वास घेतला.
तेलाचा घडा असणार, म्हणाल्या,
माती इथली नाही.
इतक्या वर्षांनी कसला वास,
पण मग मीही घेतला.

दुपारी शमाल सुटला, फेरी बोट रद्द.
तटाच्या आडोशाला तिघं बसलो, दातात वाळू.
बाईंनी डबा उघडला:
मावशीच्या झाडाचे ऑलिव्ह, विमानातून आलेले.
उस्मानने एक चावला, तोंड वाकडं केलं,
करवंदाचं लोणचं बरं, म्हणाला,
आणि दुसरा उचलला.

रात्री नकाशावर एक रकाना रिकामा राहिला.
बेंचमार्क चार, तटाचा ईशान्य कोपरा.
स्थानिक नाव?
इथली माणसं लढाईत उठली,
फारशी परतलीच नाहीत. विचारू कुणाला?
मी पेन्सिलीने लिहिलं, वरची वाडी.
समुद्रसपाटीपासून उंची
साडेचार मीटर.

खोडायचं आहे.
रबर उस्मानकडे आहे,
आणि तो झोपलाय.