मयतांची वही

इगर्जीची वही मी लिहितो, एकोणीस वर्षं झाली.
बाप्तिस्मे निळ्या शाईत, लग्नं निळ्या,
मयतं काळ्या.
जुन्या वह्या कपाटाच्या तळाशी, कडा वाळवीने खाल्लेल्या.
त्यात माझ्या पणज्याच्या नावापुढे एक अक्षर आहे
जे कोणी मोठ्याने वाचत नाही.
त्या अक्षरामुळे मिरवणुकीत
लाल झगा बाकीच्यांना,
आणि त्याला बाकं उचलायचं काम.

गेल्या वर्षी आम्ही मेणबत्त्या लावल्या,
दूरच्या कुठल्या देशात पोलिसांनी मारलेल्या
एका काळ्या माणसासाठी.
फादर चांगलं बोलले. दोनशे माणसं जेटीपर्यंत चालली,
वाऱ्याने विझलेली वात शेजारच्या वातीवर धरत.
उरलेली थोटकं मीच मोजली. एकशे चाळीस.
खोक्यावर लिहिलं : पुन्हा वापरता येतील.

बिंकस कुजूर, सिमडेग्याकडचा.
रुजार डांटसच्या ट्रॉलरवर खलाशी.
मासळीच्या खणात उतरला, खाली हवा सडलेली,
वर आला तो दोरीने.
गळ्यात काळ्या दोऱ्यात जस्ताचा क्रूस.
जेटीवर त्याला नाव नव्हतं.
'काळ्या, दोर वढ,' एवढंच.
रविवारी दाराबाहेर चपला काढून उभा असायचा,
मिस्सा संपायच्या आधी निघून जायचा.

रात्री समितीची बैठक.
जागा कमी आहे.
आपल्या पॅरिशचा नाही, त्याच्या फादरचं पत्र हवं.
आज एक आला, उद्या रांग लागेल.
(इथे कोणीतरी हसलं.)
रुजार म्हणाला, गाडीभाडं मी देतो, गावी धाडा.
तीन दिवसांचा रस्ता, मे महिना.
फादर म्हणाले, प्रार्थना करूया.
आम्ही केली.
मी इतिवृत्त लिहीत होतो.
इतिवृत्त लिहिणाऱ्याला बोलावं लागत नाही,
ही त्या कामातली सोय.

तेव्हा बिंकस बर्फाच्या कारखान्यात होता,
सुरमईच्या क्रेटांशेजारी.

नातालीन कार्डोझ, बांगडे सुकवणारी,
दारात येऊन उभी राहिली. बसली नाही.
'जागा नाय? माज्या घोवाच्या थडग्यात घाला.
तो दर्यार गेलो, गावलोच नाय.
थंय नुसतो त्येचो सदरो पुरललो आसा.
सदरो सरकतलो.'

कोणी काही बोलेना.
बाहेर कुणाच्या तरी होडीचं इंजिन
पेटायचं आणि बंद पडायचं.

दुसऱ्या दिवशी थोटकांचं खोकं मी उघडलं.
बत्तीस माणसं आली.
फादरनी प्रवचन केलं नाही, फावडं घेतलं,
तेवढे फादर माझ्या लक्षात आहेत.
खलाशी पोरं त्यांच्या भाषेत गायली.
आमेन कुठे म्हणायचं ते आम्हाला कळेना,
म्हणून आम्ही गप्प राहिलो, टोप्या हातात धरून.
रुजार फाटकापर्यंत आला,
मोटारसायकल बंद न करता.

भरपाईचा अर्ज अजून सरकारी टेबलावर आहे.
पोरं आता आत येतात, बाकावर बसतात.
त्यांच्या शेजारी एका माणसाएवढी जागा सुटते.
ती मी आजवर एकदाच भरली.

वहीत नातलगाच्या रकान्यापाशी पेन अडलं.
मग लिहिलं : नातालीन कार्डोझ. नातं : शेजार.
नावापुढे कुठलं अक्षर घातलं नाही.

त्याच्या आईचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाईलवरून.
मोडक्या हिंदीत मी, मोडक्या हिंदीत ती.
डोक्याशी झाड आहे का?
आहे म्हटलं, काजूचं.
आणि पायाशी?
समुद्र.
तिने तो कधी पाहिलेला नाही.
बराच वेळ नुसती खरखर.
मग विचारलं, रात्री तो आवाज करतो का?

होय म्हटलं.
रात्रभर.