शून्याचा लॉग

संपाच्या दुसऱ्या वर्षी मी दोनशे चौदा घरं मोजली,
लालबागपासून करी रोडपर्यंत,
बगलेत फॉर्मांचा गठ्ठा
आणि डोक्यात सेठना सरांचं वाक्य :
"प्रश्न वाच. उत्तर लिही. चहा घेऊ नकोस."
चहा मी घेतला.

घर क्रमांक एकशे सदतीस. अनसूया घाडी.
उत्पन्न?
"काय नाय."
म्हणजे किती?
"बाय, काय नाय म्हणजे काय नाय. लिवा."
मी शून्य लिहिलं.
खर्च : तांदूळ, रॉकेल, मुलीची वही,
आणि गावच्या दशावताराची वर्गणी, अकरा रुपये.
अकरा?
"मगे? देवाक सांगू काय, संप आसा म्हणान?"

संगणकावर रात्री अकराचा स्लॉट मिळायचा.
पंच कार्डांचा ट्रे छातीशी धरून जिना चढायचे,
क्रम चुकला तर आठवडा गेला.
समीकरण दोन्ही बाजूंनी लॉगचं,
आणि शून्याचा लॉग निघत नाही.
यंत्राने भांडण केलं नाही, नुसतं छापलं :
निरीक्षणं २१३.
सर म्हणाले, "एका घराने काय फरक पडतो?"
पडला नाही.
लवचिकता शून्य पूर्णांक बहात्तर.
पाच टक्के पातळीवर सार्थ.

त्या बहात्तरावर माझं पोट चाललं.
अधिव्याख्याता, प्रपाठक, मग प्राध्यापक,
कलिनाला खोली, दोन खिडक्या, त्यातली एक उघडणारी.
परिभाषेच्या समितीत रिग्रेशनला समाश्रयण म्हणायचं ठरलं,
मी मान डोलावली
आणि वर्गात रिग्रेशनच म्हणत राहिले.
त्या शब्दात आश्रय आहे
हे फार उशिरा ऐकू आलं.
मुलं बांद्रा-कुर्ल्याच्या काचांमागे गेली,
कोण कर्ज बुडवील ते आधीच सांगतात,
दिवाळीला काजूकतली पाठवतात.
दर मार्चमध्ये एका तक्त्यात स्वतःलाच गुण द्यायचे,
निबंध इतके, परिषदा इतक्या,
बेरजेखाली सही.

मागच्या जुलैत शेवटच्या बाकावरून फैजान मुकादम म्हणाला,
"मॅडम, उत्पन्न शून्य असलं की ते घर जातं कुठे?"
सांगितलं, हल्ली गाळत नाहीत सगळे,
काही जण प्रत्येकात एक मिळवतात, मग लॉग घेतात.
"एक म्हणजे, एक रुपया?"
हो.
"दिला कोणी?"
वर्ग हसला. मीही हसले,
खडू ठेवला, उचलला,
पुढची सिद्धता लिहिली. तिच्यात चिन्ह चुकलं.

निवृत्तीच्या आठवड्यात ग्रंथालयात गेले.
माझा प्रबंध, मरून कापडी बांधणी,
तारखांच्या कागदावर तीन शिक्के, त्यातले दोन माझेच.
तक्ता ४.२.
पेन्सिलीने तीनाचा चार केला.

काउंटरवरच्या डिचोलकरबाई चष्म्यावरून बघत होत्या.
"पुस्तकात लिहायला मनाई आहे, मॅडम.
तुम्हीच असं करायला लागलात तर?"
दंड किती?
त्यांनी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सरळ केला.
"दहा."
मी पैसे ठेवले. त्यांनी मोजले, परत मोजले.
"एक जास्त आहे."