मागे ठेवलेली नावं

नवव्या दिवशी मक्का रिकामी होते.
सगळे अराफातला गेलेले:
यात्रेकरू, उंटवाले, पाणके, माझा नवरा, त्याचे भाऊ,
कोपऱ्यावरचा रोटीवालासुद्धा, भट्टीत राख तशीच सोडून.
गल्लीत उरतो आम्ही बायका, मांजरं
आणि दोनतीन म्हातारे, ज्यांना कुणी मोजत नाही.

आमचं घर यात्रेकरूंचं. जावाहून येणाऱ्यांना
सासरे वाट दाखवतात, त्यांचे वडीलही दाखवायचे.
कुठं थांबायचं, कधी निघायचं,
सैतानाला मारायचा खडा केवढा असावा:
चण्याएवढा. मोठा नको,
राग मुठीत मावला पाहिजे.
मी भात शिजवते, चाळीस माणसांचा,
आणि तेवढे दिवस सुई डब्यात ठेवते.
पुरुषांच्या अंगावर दोन पांढरी कापडं, ना काज ना बटण.
आम्हाला शिवलेलं चालतं.
बायकांची शिवण अल्लाहला खपते, सासूबाई म्हणायच्या.

त्या वर्षी सुराबायाच्या बोटीनं वागिरा आली.
साठीची, दात पानानं काळे.
बाजारात केळी विकायची. घराच्या बांबूच्या खांबाला भोक पाडून
रोज एक नाणं आत सोडलं, सत्तावीस वर्षं.
"मग खांब फोडला," ती म्हणाली, "तर छप्परच एका अंगानं बसलं."
तिची भाषा मला स्वयंपाकघरापुरती येते,
पण हसायला तेवढी पुरली.

सफा आणि मरवाच्या मध्ये
हिरव्या खुणेपाशी ती एकदम पळत सुटली.
सासऱ्यांनी हाक मारली:
इथं पळायचं पुरुषांनी, बायकांनी चालायचं.
संध्याकाळी तिनं मला विचारलं,
"पण तान्ह्यासाठी पाणी शोधत पळाली, ती बाईच ना?"
मी तांदूळ निवडत राहिले.
जन्म या गावात गेला,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

अराफातहून आली ती धुळीनं माखून.
काय केलंस तिथं?
"उभी राहिले."
आणि?
"दुपारपासून दिवस बुडेपर्यंत उभी राहिले.
कुणी बाजूला हो म्हटलं नाही."

शेवटच्या दिवशी सासरे वही उघडतात.
हज झाला की नवं नाव, ही तिकडच्यांची रीत.
बाकावर ओळीनं बसतात सगळे,
बोटाच्या पेराएवढी बट कापलेल्या बायका,
मुंडण केलेले पुरुष, डोकी नुकतीच जन्मल्यासारखी.
वागिराला मिळालं मैमुना.
तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं,
दुकानात चपलेत पाय घालून बघावा तसं.

निघताना, जमजमचा डबा कमरेवर घेऊन,
ती दारात घुटमळली.
"जुनं इथं ठेवून जाऊ का?
आईनं दिलेलं आहे. समुद्रात टाकवणार नाही."
मी हो म्हणून बसले.
नाव कुठं ठेवतात? फडताळात? पिठाच्या डब्यामागं?

पुढच्या वर्षी सासऱ्यांची वही मी गुपचूप चाळली.
डाव्या रकान्यात खोडलेली नावं होती,
एका रेघेची, खालचं वाचता येईल अशी.

आता दर नवव्या दिवशी, दिवेलागणीनंतर,
आम्ही बायका हरमला जातो.
कुणाचा धक्का लागत नाही.
काळ्या दगडापाशी ओठ टेकवायला हवा तेवढा वेळ.
जावा दुआ मागतात, पोरांच्या, नोकरीच्या, गुडघ्यांच्या.
मी फेरे घालते आणि हळूच म्हणत जाते:
सुकिनेम. पायतेन. तुकियेम. लेगिनाह.
सात फेऱ्यांत सगळी संपत नाहीत.
वागिराचं मी शेवटी घेते,
हिरव्या खुणेपाशी,
आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून
थोडीशी पळते.