रकाना क्रमांक चौदा

सार्वजनिक धोरण, एम.ए., दुसरं वर्ष.
गावी कुणी विचारलं तर आई सांगते,
"कलेक्टरचंच काहीतरी करतेय."
मी दुरुस्त करत नाही.

कर्वेनगरात एका खोलीत तीन कॉट.
वैजयंता भिंतीकडे तोंड करून
राज्यसेवेच्या चालू घडामोडी पाठ करते,
मी लॅपटॉपवर एकशे अठरा बायकांची लघवी मोजते.
असं म्हणायचं नसतं.
म्हणायचं : स्वच्छतागृहांची लिंगभावसापेक्ष उपलब्धता,
पुणे शहर, निवडक प्रभाग.

मार्केट यार्ड ते बिबवेवाडी
एप्रिलभर चालले प्रश्नावली घेऊन.
चौदाव्या प्रश्नाला आवाज आपोआप खाली यायचा :
कामाच्या वेळात दिवसातून किती वेळा जाता?

लोचना ढमढेरे, वय बावन्न, पालेभाजी,
मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाल्या,
"कुठं?"
मी म्हटलं, "म्हणजे... बाथरूमला."
"तेच विचारते. कुठं?"
मग माझा चेहरा बघून दया आली असावी.
"लिही शून्य.
पाचला निघते, चहा अर्धाच घेते,
पाणी दोन वाजल्यानंतर.
त्या कोथिंबिरीवर शिंपडते ना, तेवढं जरी मी प्यायले असते..."
गिऱ्हाईक आलं.
वाक्य तिथंच राहिलं.

उठताना एक जुडी माझ्या पिशवीत टाकली, पैसे घेतले नाहीत.
हे संशोधनाच्या आचारसंहितेत बसतं का,
दाबके सरांना विचारायचं राहूनच गेलं.
भाजी मात्र आम्ही तिघींनी खाल्ली.

मे महिन्यात डेटा साफ करायला घेतला.
साफ करणं, असंच म्हणतात.
जानेवारीत, एकही बाई भेटायच्या आधी,
मीच आज्ञा लिहून ठेवली होती :
शून्य म्हणजे उत्तर दिलं नाही, ओळ वगळा.
एक कळ दाबली
आणि एकतीस बायका गेल्या.
आवाजसुद्धा झाला नाही.
सरासरी आली दोन पूर्णांक सहा.
आलेख इतका देखणा
की सर म्हणाले, "वा! आता शिफारशींकडे वळ."

रात्री दीड वाजता उठले.
चार पावलांवर दार, आत दिवा, दाराला कडी.
कडी लावली,
आणि तिच्यावर हात ठेवून जरा वेळ उभीच राहिले.

परत येऊन कागदी फॉर्मांचा गठ्ठा काढला.
अकरावा. सतरावा. विसावा, ढमढेरे,
कोपऱ्यात मेथीचा हिरवट डाग.
एकेक शून्य हाताने भरत गेले.
सरासरी उतरली, एक पूर्णांक नऊ.
आलेख डावीकडे कलंडला,
तिथं अचानक एक उंच खांब.

वैजयंता कूस बदलून म्हणाली,
"काय करतेस गं एवढ्या रात्री?"
"शून्य भरतेय."
"परीक्षेला आहे?"
"नाही."
"मग दिवा घालव की."
"अजून नऊ राहिल्यात," म्हटलं.