कळावे

त्रिएस्तेच्या बंदरामागे, कॉफीच्या गोदामावरच्या मजल्यावर
मी तीन आठवडे हिशेब तपासायला आले होते.
समोरच्या टेबलाशी नीवेस फुर्लान.
बत्तीस वर्षं टाइप करत आलेली, आधी यंत्रावर,
दोन कागदांमध्ये कार्बन,
करंगळीला कायमची निळी कड.
तिसऱ्या प्रतीत अक्षरं धुक्यातल्या बोटींसारखी, ती म्हणाली,
पाचवीत नुसता बोटांचा जोर.
ज्याला फक्त कळायचं होतं
त्याला फिकटच कळायचं.
तिला ते रास्त वाटे.

आता सगळ्या प्रती सारख्याच काळ्या.

नव्या पोराला, मित्याला, ती शिकवत होती:
हा वरचा रकाना, ज्याच्याशी बोलतोस तो. उत्तर त्याने द्यायचं.
हा खालचा, ज्याच्या देखत बोलतोस तो.
त्याने ऐकायचं.
आणि तिसरा?
नीवेसने साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.
तो पडद्यामागचा.
त्याला सगळे दिसतात.

माझ्या भाषेत पहिल्या दोघांत
एका वेलांटीचं अंतर आहे: प्रति, प्रत.
आणि देखत बोलण्याला तर म्हणच आहे,
लेकी बोले सुने लागे.
पडद्यामागच्याला काय म्हणतात
ते मला त्या दिवशी आठवेना.

मार्चमध्ये सांतोसहून आलेली साठ पोती भिजली.
कोसुत्ताने, म्हणजे मॅनेजरने, सकाळी नऊला लिहिलं:
दुशान, ताडपत्री कुणी काढली?
देखत: विम्याचा माणूस, नीवेस.
पडद्यामागे: सिन्योरा ओर्तेन्सिया, मालकीण,
वय एक्क्याऐंशी, ग्रादोला लेकीकडे,
खाडीकडे तोंड करून बसलेली.

नऊ वीसला दुशान ह्रोवातिनने
सगळ्यांना उत्तर दिलं.
खाली गोदामात, उभ्यानेच, फोनवर, एका अंगठ्याने:
ताडपत्री तुमच्या होडीवर आहे, साहेब.
शनिवारी तुम्हीच नेलीत.

मित्या हसला. नीवेस हसली नाही.
ती यादी मोजत होती.

सगळ्यांना म्हणजे जे दिसतात त्या सगळ्यांना.
पडद्यामागच्याच्या हाती पहिलं वाक्य पडतं,
दुसरं त्याला शोधत येत नाही.
आरोप पोचतो,
जबाब खोलीतच राहतो.
इतकी वर्षं मी याला चोरून ऐकणं समजत होते.
हे तर अर्धवट ऐकणं.
भिंतीला कान असतात, पण एकच.

नऊ चाळीसला ग्रादोहून उत्तर आलं.
सिन्योराने, चष्मा न लावता बहुतेक,
सगळ्यांना पाठवायचं ते बटण दाबलं होतं:
दुशानला आजच काढून टाका.
तिच्या वडिलांचं नाव, पदवी, दोन टेलिफोन नंबर,
सगळं खाली व्यवस्थित.

पडदा सरकला आणि मागे म्हातारी, खुर्चीत,
पायाशी उन्हाची वाटी.
कोसुत्ताच्या खोलीचं दार आतून लागलं.
विम्याच्या माणसाने काही लिहिलं नाही,
देखत असणाऱ्याने लिहायचं नसतं.
खाली गोदामात पोती ओढल्याचा आवाज
थांबला,
मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

नीवेसने दुशानचं उत्तर उघडलं.
वरच्या रकान्यात सिन्योराचं नाव घातलं.
खालच्या रकान्यात कोसुत्ताचं, उघड, पूर्ण आडनावासकट.
तिसऱ्या रकान्यावर तिची करंगळी क्षणभर थांबली,
निळी कड आता नाही, पण तीच करंगळी.
तो रकाना तिने रिकामा ठेवला.

मजकूर दोन शब्दांचा: पेर कोनोशेंत्सा.
मी मनात मराठी केलं: कळावे.
लोभ असावा, असं तिने लिहिलं नव्हतं.

दुशान राहिला. सिन्योराने माफी मागितली नाही,
पण ईस्टरला गोदामात एक मोठा पिन्झा पाठवला,
चिठ्ठीवर नाव कुणाचंच नाही.
मित्याने विचारलं, हा कुठल्या रकान्यातला?
आणि सुरी शोधायला गेला.

मी तोवर परत आले होते. हे मला नीवेसने कळवलं,
आणि हेही, की ताडपत्री मे महिन्यात सापडली,
दारात, घडी घालून, मीठ न झटकता.