उसनं नाक

बाबाचं नाक गेल्या हिवाळ्यात गेलं.
म्हणजे आहे तिथेच आहे, उन्हानं सोललेलं, मोठं,
फक्त त्यातून काही आत येत नाही.
तापातून उठला आणि म्हणाला, कॉफीत नुसतं पाणी आहे.

चाळीस वर्षं या खोऱ्यातल्या गाड्या त्यानं हुंगून दुरुस्त केल्या.
आणि आज त्रेलेऊच्या रस्त्यावर, मागे लोकरीच्या अकरा गासड्या,
वास मला आला. त्याला नाही.
काहीतरी जळतंय, म्हटलं.
काहीतरी म्हणजे काय? नीट सांग.

पातागोनियाचा वारा नीट सांगू देत नाही.
वास आला म्हणेस्तोवर
तो निम्म्या वाटेवर असतो अटलांटिकच्या.
मग बाबानं गाडी पॉप्लरच्या रांगेआड घ्यायला लावली.
इंजिन चालू ठेव. आता बोल.

गोडसर आहे?
नाही. (म्हणजे कूलंट नाही.)
केस जळल्यासारखा? सायलेन्सरला लोकर चिकटली असेल.
नाही.
जुने कागद पेटवल्यासारखा, घशात बसणारा?
तसाही नाही. देवाची कृपा, म्हणाला, क्लच महाग.
डोळे मिटून विचारत होता,
डॉक्टर पोटावर बोटं दाबत जातो तसा: इथे? इथे?
मी चारी चाकांवर बाटलीतलं पाणी शिंपडून आले.
एकही चर्र झालं नाही. ब्रेक सुटले.

मग मला शब्दच सापडेना.
जळकट, म्हटलं. जळकट तर सगळंच असतं, म्हणाला.
करपट? उग्र?
शेवटी म्हटलं, शाळेत खोडरबरानं एकच अक्षर
खोडत बसावं, कागद तापेपर्यंत, आणि भोक पडावं,
तसा.
त्यानं डोळे उघडले.
पट्टा. घासतोय. बंद कर.

उतरवला. पाठीकडून काचेसारखा चकचकीत,
एका कडेला दोरे सुटलेले.
मी सीटमागचा नवा पट्टा ओढू लागले तर हात धरला:
जळलाय पट्टा. पण खोड पट्ट्याची नाही.
पुल्या फिरव, एकेक, हातानं.

अल्टरनेटर फिरला. पाण्याचा पंप फिरला.
स्टीअरिंगचा कुरकुरत का होईना, फिरला.
आणि ती एक बिनकामाची,
जी वीज करत नाही, पाणी ढकलत नाही,
नुसती पट्ट्याला वाट देत फिरते,
ती हलेना.
किती किलोमीटर तो तिच्यावरून फरफटत गेला, कोण जाणे.
हीच, म्हणाला बाबा, आणि अंगठ्यानं तिच्यावरची धूळ पुसली.
आवाजात राग नव्हता.

बेअरिंगच्या कडेवर आकडा: सहा-दोन-शून्य-तीन.
बाबा हसला. तासभर चालवत मला
एर्मेलिंदा नाहुएल्किरच्या दारात घेऊन गेला,
कारण तिच्या वॉशिंग मशीनमध्ये हाच आकडा बसतो,
त्यानंच बसवला होता.
तिनं आधी माते पाजला, मग शिव्या दिल्या,
मग आतल्या ओल्या चादरी काढून माझ्या हातात ठेवल्या.
इद्वाल, चोरा, नवं येईपर्यंत हिनं धुवायच्या.
कबूल.

खाली सॉकेट, वर हातोडी;
जुनं बेअरिंग ठक्कन बाहेर पडलं,
आत राखी धूळ आणि वंगणाची सुकलेली खपली.
नवं, म्हणजे जुनंच, पण फिरणारं, बसलं.

बाबानं रॉकेलनं हात पुसले
आणि सवयीनं बोटं नाकाशी नेली.
तशीच धरली थोडा वेळ.
मी बॉनेटचा आडणा शोधण्यात गुंतले.

इंजिन चालू.
आता?
धूळ, म्हटलं. लोकर, थोडी ओलसर. तुझा कोट.
माझ्या कोटाला वास येतो?
येतो की.
कसला?

त्रेलेऊ अजून ऐंशी किलोमीटर होतं.
मी गिअर टाकला आणि शब्द शोधू लागले.